जुने वर्गबंधू : वहीत न मांडलेले भांडवल

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आपण उधारीची वही ठेवतो, मालाची नोंद ठेवतो. पण ज्यांच्या सोबतीने धंद्याचे पहिले धडे गिरवले, ते आज कोठे आहेत व काय करतात, याची नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे? एखाद्या लग्नात गाठ पडते, "या कधी दुकानावर" असे म्हणून दोघेही आपापल्या वाटेला लागतात. आजच्या धड्यात आम्ही या दुर्लक्षित भांडवलाचा हिशोब मांडणार आहोत.

अमेरिकेतील बोस्टन शहरात हार्वर्ड बिझनेस स्कूल ही संस्था १९०८ पासून व्यापाराचे शिक्षण देत आली आहे. तेथे पहिल्या वर्षी सुमारे नव्वद विद्यार्थ्यांची एक तुकडी करतात. वर्षभर सर्व विषय त्याच तुकडीने एकत्र शिकायचे. शिकवण्याची रीतही निराळी. एखाद्या खऱ्या कंपनीपुढे आलेला पेच समोर ठेवायचा आणि सर्वांनी त्यावर वाद घालायचा. त्यामुळे कोण उतावळा, कोण सावध, कोण आकडे तपासूनच बोलतो, हे एकमेकांना पक्के कळते. पदवीनंतर दर पाच वर्षांनी मेळावा भरतो. माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात प्रत्येक बॅचची खबरबात छापली जाते व ती जमवण्याचे काम बॅचमधलाच कोणीतरी चिटणीस म्हणून करतो. सांगायचा मुद्दा असा की ओळख आपोआप टिकत नाही. तिच्यासाठी कोणाला तरी काम करावे लागते.

या संस्थेची १९४९ ची बॅच फार गाजली. तिच्यात दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांचा भरणा होता. फॉर्च्युन मासिकाने १९७४ मध्ये तिच्यावर लेख लिहिला, तेव्हा तिला 'डॉलरांचा पाऊस पडलेली बॅच' अशा अर्थाचे नाव दिले. याच बॅचच्या टॉम मर्फी यांनी ऑल्बनी गावच्या एका तोट्यातील दूरचित्रवाणी केंद्रापासून कॅपिटल सिटीज ही कंपनी उभी केली. पदवीला वीसएक वर्षे झाल्यावर एका जुन्या वर्गबंधूने न्यूयॉर्कच्या एका भोजनप्रसंगी त्यांना वॉरेन बफे यांच्याशेजारी बसवले. ओळख वाढली, सल्लामसलत होऊ लागली. १९८५ मध्ये मर्फी यांनी आपल्याहून मोठी असलेली एबीसी ही कंपनी सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला, तेव्हा बफे यांनी पन्नास कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यांच्या कंपनीत गुंतवली.

वाचक म्हणतील, अशी माणसे आम्हांला कोठे भेटणार? रास्त आहे. म्हणून आता साध्या माणसांचा हिशोब पाहू. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांकडे चौकशी केली. ओळखीतून काम मिळालेल्या ५४ जणांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. ५५.६ टक्के लोकांची अधूनमधून, तर २७.८ टक्के लोकांची क्वचितच. हे आकडे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण उघड आहे. रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसांना तेच ठाऊक असते, जे आपल्याला ठाऊक आहे. दूर गेलेला सोबती दुसऱ्या बाजाराची खबर आणतो.

२०११ मध्ये लेव्हिन, वॉल्टर व मर्निगन या तीन अभ्यासकांनी बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या, नोकरीत मुरलेल्या दोनशेहून अधिक अधिकाऱ्यांना एक काम दिले : तीन वर्षे तरी संपर्क नसलेल्या ओळखीच्या माणसाला गाठा व चालू कामाबद्दल सल्ला विचारा. नेहमीच्या मंडळींपेक्षा या जुन्या माणसांकडून अधिक नवे व उपयोगी ऐकायला मिळाले. म्हणजे तुटल्यासारखा वाटणारा धागा बहुधा तुटलेला नसतो.

आता सर्वांत मोलाची गोष्ट. लर्नर व मालमेंडियर यांनी हार्वर्डच्या तुकड्या तपासल्या. आधी स्वतःचा धंदा केलेली मंडळी ज्या तुकडीत जास्त, त्या तुकडीतून नवे धंदे जास्त निघतील असे कोणालाही वाटेल. २०१३ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष उलट निघाला : अशा तुकडीतून धंदे कमी निघाले, आणि जे कमी झाले ते मुख्यतः बुडणारे होते! ज्याने चटके सोसले आहेत तो सोबत्याला वेळीच सावध करतो. घरचे दागिने गहाण ठेवून नवे यंत्र आणायला निघालेल्या माणसाला असा एक वर्गबंधू भेटला, तर त्याने वाचवलेली रक्कम कोणत्याही नफ्याहून मोठी असते. माल विकणारा आपल्याला खरे सांगेलच असे नाही. ज्याला आपल्याकडून काही मिळवायचे नाही, तो सांगतो.

मात्र या भांडवलातही खोट आहे. केली शू यांनी त्याच संस्थेतून निघालेल्या कंपनीप्रमुखांचा अभ्यास केला. एकाच तुकडीतल्यांचे पगार व कंपन्या विकत घेण्याचे निर्णय एकमेकांसारखे असत, आणि मेळाव्यानंतरच्या वर्षी हे साम्य दुपटीहून अधिक वाढे. मित्राने गाडी घेतली म्हणून आपणही घ्यावी, तसाच हा प्रकार. सल्ला घ्यावा, नक्कल करू नये.

आपल्याकडे १९६१ मध्ये हार्वर्डच्याच सहकार्याने अहमदाबादची व्यवस्थापन संस्था निघाली, १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज संस्था निघाली. तेथवर आपण गेलो नसू. पण आयटीआयची बॅच, रात्रशाळेचा वर्ग, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेली पोरे, हीही आपली तुकडीच होय. तेव्हा आमची सूचना एवढीच :

एक, एका वहीत वर्गबंधूंची नावे, गाव, धंदा व फोन नंबर लिहा आणि वर्षातून एकदा ती तपासा.

दोन, चिटणिसाचे काम एकाने अंगावर घ्यावे. कोणी घेत नसेल तर आपण घ्यावे.

तीन, वर्षातून एक-दोनदा कामाशिवाय विचारपूस करा. बऱ्याच वर्षांनी केलेला पहिला फोन उधारीसाठी असू नये.

चार, मोठी रक्कम गुंतवण्याआधी त्या धंद्यात ठेच खाल्लेल्या एकाला तरी गाठा आणि "यात मी कोठे बुडेन?" असे स्पष्ट विचारा.

पाच, आपल्याला कोणी विचारले, तर आपणही खरेच सांगा. त्याला वाईट वाटले तरी चालेल, त्याचे भांडवल वाचले पाहिजे.