शब्द आणि त्याची संगत

माझी मातृभाषा कोकणी. सौंसरला नवीन असताना एका घरी मी प्यावयास 'उदक' मागितले आणि त्या घरच्या आजी गोंधळल्या. आमचे उदक रोजचे पाणी, मराठीत मात्र ते बहुधा सोडावयाचे असते!

इंग्रजीतही असेच होते. 'बेअर' म्हणजे अस्वल, एवढेच पाठ केलेल्या एका मुलाने संत्र्याच्या झाडाविषयीचे वाक्य 'यंदा या झाडावर अस्वल आले नाही' असे उतरविले. वर्ग हसला. पण हाच मुलगा परदेशी शिक्षणासाठी 'आयईएलटीएस' देणार होता. तेथे वाचनाच्या भागात 60 मिनिटांत 40 प्रश्न असतात आणि शब्दकोश जवळ ठेवता येत नाही. विचारावयाचे ते शेजारच्या शब्दांनाच. वाक्यात झाड आहे, यंदाचे साल आहे. तर गोष्ट फळ धरण्याचीच असणार. पांढुर्ण्याच्या बागाईतदाराने 'मृग बहार' म्हटले, तर आपण हरीण शोधीत नाही.

तेव्हापासून आम्ही शब्दांच्या याद्या सोडल्या. नवा शब्द घरच्या, शेतातल्या वाक्यात लिहावयाचा आणि आठ दिवसांनी तो झाकून वाक्य वाचावयाचे. जागा आपोआप शब्द मागते. परवा 'यील्ड'चा अर्थ एकीने 'पीक देणे' लिहिला, दुसरीने 'शरण जाणे'. दोघी भांडू लागल्या. मी दोघींची वाक्ये फळ्यावर लिहिली. दोन्ही बरोबर होती.