भिंतीवरचे चित्र जगाच्या दालनात

विरारहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, म्हणजे सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव अशी स्थानके एकामागून एक लागतात आणि नंतर डहाणू रोड येते. लोहमार्गाच्या पश्चिमेस बोईसर-तारापूरचे कारखाने, १९६९ साली सुरू झालेले भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र आणि त्यापलीकडे समुद्र आहे. पूर्वेस मात्र जमीन हळूहळू उंचावत जाते. भातखाचरे, साग, ताड आणि टेकड्या दिसू लागतात. या डोंगराळ मुलखात वारली लोकांचे पाडे आहेत. या पाड्यांतील एक कला परदेशांतील मोठमोठ्या संग्रहालयांत जाऊन पोहोचली. ती कशी पोहोचली, हे या पाठात पाहावयाचे आहे.

वारल्यांची जुनी घरे कुडाची असत. कारवीच्या काठ्या बांधून भिंत उभी करावयाची आणि ती शेणमातीने लिंपावयाची, ही त्यांची रीत. घरात लग्न निघाले, की भिंत सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवीत. तांदूळ वाटून त्याचा पांढरा रंग करीत. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले, की झाला कुंचला! मग सवाशिणी भिंतीवर चौक काढीत. वारली स्त्रिया चौक ‘काढला’ असे म्हणत नाहीत. ‘लिहिला’ असे म्हणतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि भोवती नक्षीच्या चौकटी, झाडे, प्राणी व माणसे असतात. या चौकावाचून लग्नविधी पुरा होत नाही.

या चित्रांतील आकृती अगदी मोजक्या आहेत. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यांतच सारे काही सामावते. टोकाशी टोक जुळविलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. त्यावर एक लहानसे वर्तुळ ठेवले व हातापायांच्या रेषा ओढल्या, की माणूस चालू लागतो, ओझे वाहतो, नाचतो. तारपा वाजविणाऱ्याभोवती हातात हात गुंफून फेर धरणारी माणसे पाहिली, तर तो फेर खरोखरच फिरत आहे असा भास होतो.

परंतु हे चित्र टिकविण्यासाठी काढलेले नसे. लग्न पार पडले, की पावसाळ्यांमागून पावसाळे जात, रंग उडे, भिंत पुन्हा सारवली जाई. ज्या हातांनी चौक लिहिला, त्यांचे नाव त्यावर कधीच नसे.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. हातमाग व हस्तकला यांच्या संवर्धनासाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने ते काम करीत होते. यापूर्वी बिहारमधील मिथिलेत दुष्काळ पडला असता तेथील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास त्यांनी प्रवृत्त केले होते. तोच कागद आता वारली पाड्यांत आला. डहाणू तालुक्यातील गंजाड गावी त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले.

म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. लहानपणीच ते पोरके झाले. पुढे कित्येक दिवस ते कोणाशी बोलत नसत. जे सांगावयाचे ते धुळीत रेषा ओढून सांगत. चौक लिहिणे हे स्त्रियांचे काम. पण म्हसे लग्न नसतानाही, केवळ आवडीने, रोज चित्रे काढू लागले. मासे धरण्याचे जाळे त्यांनी बारीक रेषांनी असे विणले, की सारा कागद त्या जाळ्याने भरून जावा!

१९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली. १९८९ साली पॅरिसमध्ये एक फार मोठे प्रदर्शन भरले. त्यात जगाच्या सर्व खंडांतील शंभराहून अधिक कलावंतांच्या कृती समान मानाने मांडल्या होत्या. त्यांत म्हसे यांची चित्रेही होती. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील संग्रहालयात म्हसे आणि रिचर्ड लाँग हे इंग्रज कलावंत यांचे एकत्र प्रदर्शन झाले. लाँग हे दूरदूर पायी भटकतात आणि माती, दगड यांपासून वर्तुळे व रेषा रचतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. परंतु माती आणि वर्तुळ दोघांनाही परिचित होते. २०११ साली भारत सरकारने म्हसे यांना पद्मश्री दिली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

संग्रहालय ही संस्था जुनी आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ सालीच लोकांसाठी उघडले. संग्रहालय वस्तू जपते, तिच्याजवळ नाव व साल लिहिते आणि ती दूरच्या माणसांना दाखविते. भिंतीवर चार पावसाळेही न टिकणारे चित्र तेथे अनेक वर्षे राहते. हा मोठाच लाभ होय. पण काही गोष्टी तेथे जात नाहीत. चौक लिहिताना म्हटली जाणारी गाणी, धवलेरीचा आवाज, सारवलेल्या भिंतीचा वास, लग्नघरातील गडबड, यांतील काहीच दालनात नसते. शिवाय म्हसे यांचे नाव जगाला कळले. ज्या असंख्य स्त्रियांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांची नावे मात्र कोठेच लिहिलेली नाहीत.

आज वारली आकृती कपड्यांवर, कपबश्यांवर, भिंतींवर सर्वत्र छापलेल्या दिसतात. छापणाऱ्याला पैसा मिळतो; पाड्यातील चित्रकाराला तो मिळतोच असे नाही. अशा नकलांना आळा बसावा, यासाठी २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा नवा जिल्हा निर्माण झाला.

मुलांनो, तुम्ही एखाद्या चित्रप्रदर्शनाला गेलात, तर घाईने पुढे जाऊ नका. एका चित्रापाशी थोडे थांबा. ते कोणी काढले, कशावर काढले, कोणत्या प्रसंगासाठी काढले, हे विचारा. आणि चित्राखाली नाव नसेल, तर ते काढणारे हात कोणाचे असतील, याचाही विचार करा.

स्वाध्याय

१. चौक कोण लिहितात? तो लिहिण्याची तयारी कशी करीत?
२. म्हसे यांनी जुन्या रीतीत कोणता बदल केला?
३. चित्र संग्रहालयात गेल्याने काय मिळते व काय हरवते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरी किंवा गावी सणाला काढली जाणारी रांगोळी अथवा चित्र कोणाकडून कोण शिकले, ते विचारून दहा ओळी लिहा. शिकविणारीचे नाव अवश्य लिहा.