वजीफा आणि शिष्यवृत्ती

मुलांनो, शाळेच्या सूचनाफलकावर दरवर्षी एक सूचना दोन भाषांत लागते. उर्दूत लिहिलेले असते 'वजीफा' आणि मराठीत लिहिलेले असते 'शिष्यवृत्ती'. तुम्ही दोन्ही वाचता, अर्थ एकच आहे हे ओळखता आणि पुढे जाता. आज जरा थांबू या आणि या दोन शब्दांकडे नीट पाहू या.

शिष्य म्हणजे शागीर्द, हे तुम्हांला ठाऊक आहे. 'वृत्ती' या शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत. एक अर्थ चरितार्थाचे साधन, म्हणजे पोट भरण्याची सोय. दुसरा अर्थ मनाचा कल, स्वभाव. 'त्याची वृत्ती मोठी उदार आहे' असे आपण म्हणतो, ते या दुसऱ्या अर्थाने. आता 'वजीफा' घ्या. पैशांची नेमणूक हा त्याचा एक अर्थ. घरी नमाजनंतर नानी जे पठण करतात त्यालाही वजीफाच म्हणतात. आणि ज्या अरबी भाषेतून हा शब्द आला, तेथे त्याचा अर्थ नेमून दिलेले काम, कर्तव्य असा होतो. पहा, दोन वेगळ्या भाषांतील दोन शब्द. पण दोघांच्याही पोटात पैशाशिवाय आणखी काहीतरी दडलेले आहे.

ओघात आले म्हणून सांगते. 'मराठी अवघड आहे' अशी तुमच्यापैकी काहींची तक्रार असते. इनाम, बक्षीस, अर्ज, दाखला, हजेरी, दफ्तर, शाबासकी हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो. ते कोठून आले, हे मी सांगायला हवे काय?

पुणे शहराला विद्वानांना पैसे देण्याची सवय फार जुनी आहे. पेशव्यांच्या काळात श्रावण महिन्यात येथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्यासाठी दूरदूरहून पंडित येत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी या खर्चाला वेगळे वळण दिले. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. हा वाडा बाजीराव रस्त्यावर आजही उभा आहे. तुमच्यापैकी कित्येकजण त्याच्यासमोरून बसने गेले असतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी खर्च होऊ लागला. परंतु या साऱ्या व्यवहारात मुलींना जागा नव्हती. ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवले होते, त्यांच्या मुलांनाही नव्हती.

त्यांच्यासाठी शाळा काढली ती जोतीराव फुले यांनी. 1848 मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. (तो जुना वाडा 2023 मध्ये स्मारकासाठी उतरवण्यात आला.) पुढे त्यांनी महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी त्याच विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. मेजर कँडी या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याच्या हातून त्यांना शाल मिळाली. जेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती, तेथेच मुलींना शिकवणाऱ्या माणसाचा मान झाला!

या कामात सावित्रीबाईंच्या सोबतीला फातिमा शेख होत्या. त्यांच्याविषयी लेखी पुरावा थोडाच आहे. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. आपण आजारपणामुळे माहेरी असल्याने फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते वाक्य आहे. एवढ्या एका वाक्यावरून एखाद्या शिक्षिकेची ओळख पटावी, हे मला विलक्षण वाटते.

पण आज मला तुम्हांला शिक्षकांची नव्हे, एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगायची आहे. तिचे नाव मुक्ता. मांग समाजातील ही मुलगी फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकली. सुमारे चौदा वर्षांची असताना तिने एक निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो 1855 साली, 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च अशा दोन अंकांत छापला. निबंधाचा विषय होता महार आणि मांग लोकांचे दुःख.

तुम्ही निबंध लिहिता ते 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'माझा आवडता प्राणी' अशा विषयांवर. त्यात वाईट काही नाही. मुक्ताने मात्र आपल्या वस्तीतील बायकांविषयी लिहिले. बाळंतपणाच्या वेळी त्यांच्या डोक्यावर छप्परदेखील नसते, हे तिने लिहिले. आम्हांला धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि म्हणते की या रोगावर विद्या हे औषध आहे, ते घ्या. तिच्या वस्तीत वाचता येणारी माणसे किती असतील? बहुधा बोटांवर मोजण्याइतकी. जे सारे भोगत होते त्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी ते भोगलेले नव्हते. मुक्ताला दोन्ही येत होते. तिच्या अक्षराला किती गुण मिळाले, याची नोंद मला कोठे सापडली नाही. तिचा निबंध मात्र आजही वाचला जातो.

आता आपल्या काळाकडे येऊ.

शिष्यवृत्तीच्या परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे. माझ्या लहानपणी शिष्यवृत्ती परीक्षा चौथी आणि सातवीला असे. 2016-17 मध्ये ती पाचवी आणि आठवीला नेण्यात आली होती. तिच्याविषयी तुम्ही बरेच ऐकले आहे. दुसऱ्या एका परीक्षेविषयी मात्र घरोघरी माहिती नसते. तिचे लांबलचक नाव 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा' असे आहे. केंद्र सरकारने 2008 मध्ये ही योजना सुरू केली. आठवीत शिकत असताना ही परीक्षा द्यायची असते. सातवीत किमान 55 टक्के गुण हवेत, आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे. 90 गुणांची बौद्धिक क्षमता चाचणी आणि 90 गुणांची शालेय क्षमता चाचणी असे दोन पेपर असतात. दुसऱ्या पेपरात विज्ञानाला 35, समाजशास्त्राला 35 आणि गणिताला 20 गुण. प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ही परीक्षा फक्त आठवीत देता येते. ते वर्ष गेले की संधी गेली.

समाजसेवेसाठीही मुलांचा सन्मान होतो. 5 ते 18 वर्षे वयाच्या मुलांना जो राष्ट्रीय बाल पुरस्कार देतात, त्यात समाजसेवा हा एक वेगळा विभाग आहे. स्काउट-गाइडमध्ये राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असतात. परंतु अभ्यास आणि सेवा या दोन्ही गोष्टी एका तराजूत कशा तोलायच्या, हे कोणालाच नीट जमत नाही. मलाही जमले नाही. ती हकिगत सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत आठवीची वर्गशिक्षिका होते. स्नेहसंमेलनात 'आदर्श विद्यार्थी' म्हणून एक ढाल दिली जाई. अभ्यास आणि समाजसेवा पाहून ती द्यावी, असा नियम कागदावर होता. निवड समितीत आम्ही तिघे शिक्षक होतो. आम्ही काय केले? गुणपत्रके काढली, हजेरीपत्रक काढले आणि दहा मिनिटांत नाव ठरवले. समाजसेवेच्या रकान्यात 'समाधानकारक' असे लिहून टाकले.

ढाल मिळालेल्या मुलाचा यात काडीचाही दोष नव्हता. तो पहाटे उठून अभ्यास करी आणि शाळेआधी वडिलांच्या अंड्यांच्या गाडीवर मदतही करी. ढाल त्याने कष्टाने मिळवली होती.

माझ्या मनात सलते ते दुसरेच. त्याच वर्गात एक मुलगी होती. गुण बरे, पण हजेरी वाईट. महिन्यातून तीन-चार दिवस तरी गैरहजर. कारण विचारले की मान खाली घालून 'काम होतं, टीचर' एवढेच म्हणे. मी तिला दोनदा वर्गासमोर उभे केले, एकदा पालकांना चिठ्ठी पाठवली. पालक आले नाहीत.

संमेलनानंतरच्या आठवड्यात एक वयस्कर बाई शाळेत आल्या. बुरखा, पायांत रबरी चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी दवाखान्याचे केसपेपर काढून टेबलावर ठेवले आणि उर्दूत मला म्हणाल्या, ''टीचरबाई, आमच्या पोरीला रागावू नका. ती माझ्यासोबत येते.''

''ही तुमची नात का?'' मी विचारले.

''नाही. शेजारची. मला खाला म्हणते.''

मग सारा उलगडा झाला. खालांना मराठी वाचता येत नव्हते. सरकारी दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचे, कोणती गोळी उपाशीपोटी घ्यायची, पुन्हा कधी यायचे, हे सारे मराठीत लिहिलेले. दवाखान्याच्या दिवशी ही मुलगी सोबत जाई. आणि खाला एकट्याच नव्हत्या. त्या गल्लीतील रेशनकार्डाचे अर्ज, बँकेची पत्रे, महानगरपालिकेच्या पाण्याच्या नोटिसा, सारे तिच्याकडे येई. संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसे, मराठीत वाची आणि आपल्या घरच्या बोलीत समजावून सांगे. ही मराठी तिला मीच शिकवली होती. 'अर्जलेखन' हा धडा मी वर्गात पाच गुणांसाठी शिकवला. तिने तो गल्लीत चालवला, आणि त्याच दिवसांची गैरहजेरी मी तिच्या नावापुढे लाल शाईने मांडली.

मी खालांना चहा दिला. दुसरे काय देणार?

यात आणखी एक गोष्ट होती. तिने गल्लीतील कितीतरी जणींना उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज भरून दिले होते. स्वतःच्या घराचा दाखला मात्र काढलेला नव्हता. वर मी ज्या परीक्षेविषयी सांगितले, तिच्यासाठी तो लागतो. त्या वर्षी अर्जाची मुदत संपून गेली होती काय? नाही, आमच्या सुदैवाने मुदत वाढली होती आणि चार दिवस उरले होते. तिचे वडील हमालीला जात. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडाला, पण ते आले. दाखला तिसऱ्या दिवशी हाती पडला आणि शाळेतून तिचा अर्ज गेला.

येथे तुम्हांला वाटेल की आता ती पहिली आली असेल. तसे झाले नाही. ती परीक्षेत उत्तीर्ण झाली, पण निवडयादीत तिचे नाव नव्हते. शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते; खाली राहणारे पुष्कळ असतात. निकाल कळला तेव्हा ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ बराच वेळ उभी होती. मीही गेले नाही. त्या वेळी काय बोलावे हे मला सुचले नसते.

पुढच्या वर्षी आम्ही ढालीचा नियम थोडा बदलला. प्रत्येक वर्गातील मुलांनीच एकेक पान लिहून द्यायचे: माझ्या शेजारी, माझ्या गल्लीत, माझ्या वर्गात कोण कोणाच्या उपयोगी पडते. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी आपल्या मित्रांचीच नावे लिहिली, हे कबूल करायला हवे. एकाने तर स्वतःचेच लिहिले. पण उरलेल्या पानांतून आम्हां शिक्षकांना जे कळले, ते कोणत्याही गुणपत्रकात नव्हते. हजेरीच्या रकान्यात 'गैरहजर' लिहिण्यापूर्वी कारण विचारायचे, आणि तेही वर्गासमोर नाही, एवढे तेव्हापासून मी पाळते.

त्या मुलीला ढाल कधी मिळाली का, असे माझे विद्यार्थी विचारतात. नाही मिळाली. नववीत गेल्यावर ती एका शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, ''टीचर, बौद्धिक चाचणीत माझे गुण कशात गेले ते मला माहीत आहे. आठवीच्या मुलांना बसवा, मी सांगते.'' मी सात मुले बसवली. खडूचा तुकडा लहान होता, तो तिने बोटांच्या टोकांत धरला आणि फळ्यावर पहिली संख्यामालिका लिहिली: 2, 6, 12, 20, 30. मग ती मागे सरकली आणि म्हणाली, पुढची संख्या कोणती? हात वर न करता आधी वहीत लिहा.

तुम्हीही लिहा.

स्वाध्याय

1. 'वृत्ती' या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकाचे एक वाक्य करा.

2. मुक्ताने आपल्या निबंधात कोणाकोणाविषयी लिहिले?

3. लेखिकेने लाल शाईने काय मांडले? ते तिला नंतर का सलत राहिले?

4. तुमच्या घरी आलेले एखादे मराठी पत्र, नोटीस किंवा औषधाची चिठ्ठी घ्या. तिच्यातील मजकूर घरातील मोठ्यांना उर्दूत समजावून सांगा. कोणते शब्द अडले ते वहीत लिहून वर्गात आणा.