खुब्याचा सांधा बदलल्यानंतरचे जीवन : कुटुंबवैद्याची भूमिका



ऑक्टोबर २००० मध्ये इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईत बदलला, आणि ‘सांधेबदल’ हा शब्द आपल्या भागातही घरोघरी पोहोचला. खुब्याच्या सांध्याचा इतिहास त्याहून जुना आहे. सर जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये धातूचा लहान गोल व पॉलिथिलीनची वाटी यांचा यशस्वी मेळ घातला. ‘लॅन्सेट’मधील २००७ च्या लेखाने या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रिया म्हटले, २०१९ च्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात.

मी शल्यचिकित्सक नाही. परंतु शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झाली, तरी पुढची वर्षे रुग्ण बुऱ्हाणपुरात, आपल्यासमोरच काढतो.

माझ्या एक जुन्या रुग्ण, वय ६३, संधिवाताने जागच्या जागी खिळल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर त्या काठीविना तापीच्या घाटापर्यंत जाऊ लागल्या. मी समाधानाने हॅरिस गुणांकन केले. ९० च्या वर, म्हणजे ‘उत्तम’. मात्र वर्षभरात त्या तिसऱ्यांदा लघवीच्या जळजळीसाठी आल्या, तेव्हा मी प्रथमच खोलात विचारले. घरात कमोड नव्हता. शौचालयात बसण्याच्या भीतीने त्या पाणीच कमी पीत होत्या. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पाय बरा झाला, पण देवापुढची आणि भजनातली माझी जागा गेली.” हे मी आधीच विचारायला हवे होते.

१९६९ च्या या गुणांकनात वेदनेला ४४, कार्यक्षमतेला ४७, हालचालीला ५ व व्यंग नसण्याला ४ गुण आहेत. त्यात जिना, पायमोजे, खुर्ची, सार्वजनिक वाहन यांची विचारणा आहे. उकिडवे बसणे वा मांडी घालणे यांची नाही. ती आपणच करावयाची आहे.

१. शस्त्रक्रियेपूर्वी : रुग्ण कोठे झोपतो, जेवतो, शौचास कसा बसतो, हे विचारावे. कमोडची खुर्ची व उंच पलंग यांची सोय आधीच करवून घ्यावी.

२. पहिले तीन महिने : सांधा मागील बाजूने उघडला असल्यास खुबा काटकोनाहून अधिक वाकविणे, पायावर पाय टाकणे व पाय आत वळविणे टाळावे. पुढे जमिनीवर बसण्याविषयी शल्यचिकित्सकांना विचारावे. आपणहून आजन्म बंदी घालू नये.

३. धोक्याची लक्षणे : पोटरीची सूज व धाप म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. जखमेतून स्राव, ताप किंवा जांघेत नव्याने वेदना आढळल्यास शल्यचिकित्सकांशी बोलल्याखेरीज प्रतिजैविक सुरू करू नये. त्याने जंतुसंसर्गाचे निदान झाकले जाते.

४. दीर्घकाळ : नियमित चालणे, वजनावर ताबा, पडण्यापासून बचाव आणि लघवी, दात व त्वचा यांच्या संसर्गाचा वेळीच उपचार.

त्या बाईंच्या घरी कमोडची खुर्ची आली, देवघर भिंतीत उंचावर बसविले गेले. जळजळीची तक्रार थांबली. भजनातही त्या आता पुढच्या रांगेत खुर्चीवर बसतात; त्यांच्यामुळे संकोच सोडून आणखी दोघी खुर्चीवर बसू लागल्या आहेत. त्यांचे हॅरिस गुण मात्र पूर्वीइतकेच आहेत.