आधी कान, मग बोटं

लेका, पेटी घेतलीस, बरं केलंस. पण भजनी मंडळात पहिल्या दिवशी ती घरीच ठेवून जा. टाळ घे आणि मागच्या रांगेत बस. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा अंगात मुरेपर्यंत पेटीकडं बघू नकोस. मृदंगवाल्यानं दुगुन धरली की नवख्याचा हात पळतो. तुझा पळाला तर गप टाळ थांबव, सम ऐक आणि तिथून पुन्हा धर.

चाल मोबाइलवरून घ्यायला हरकत नाही, पण महिन्याला एकच. आठ दिवस नुसती ऐक, आठ दिवस रानात जाता-येता गुणगुण, मग पेटीवर बस. सरगम वहीत लिहून पाठ केलेली चाल वही विसरली की जाते.

गाणाऱ्याची पट्टी आधी विचार. तुझी बोटं काळी दोनला बसली असतील, पण सत्तरीचा बुवा काळी एकलाच गाणार. मी पोरवयात भाता जोरात ओढून एका आजीचा अख्खा अभंग बुडवला होता. ती काही बोलली नाही, पुन्हा माझ्या पेटीवर गायली मात्र नाही.

ऐकायला लांब जायची गरज नाही. मंगळवारी, शुक्रवारी आराधी बायकांची गाणी ऐक. एक ओळ म्हणते, बाकीच्या उचलतात. त्या उचलण्यात सगळी गंमत आहे. तुळजापूरला गोंधळ्याच्या तुणतुण्यापाशी बस. तार एकच, सूरही एकच, पण तो गाणाऱ्याला हलू देत नाही. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत हलगी ऐक. प्रल्हाद शिंदे ऐकशील तेव्हा ध्यानात ठेव, तो गळा कव्वालीतही तयार झालेला; शब्द कसा फेकायचा ते त्यांच्याकडून घे. मला तर आपल्या ठेसनातल्या छोट्या गाडीनंही ठेका दिला. रूळ रुंद झाले आणि तो ठेका गेला.

तुझ्या आत्यानं अमेरिकेहून बिल मन्रोचं गाणं पाठवलं होतं. त्या वाजवण्याला ब्लूग्रास म्हणतात. मन्रो १९११ साली केंटकीत जन्मला. मामा फिडल वाजवायचा, हा पोरगा साथीला बसून नाचाच्या बैठकांना जायचा. आर्नोल्ड शुल्ट्झ नावाचा खाणीत राबणारा काळा गिटारवाला होता, त्याच्याकडून ब्लूज घेतला. पुढं त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्याच्या नावावरूनच त्या संगीताला नाव पडलं. म्हणजे मामा आणि मजूर, दोघंही त्याचे गुरू. ब्लूग्रासमधल्या बॅंजोचं मूळ आफ्रिकेतून धरून नेलेल्या माणसांच्या वाद्यात आहे. आपल्या वरातीतला बेंजो मात्र १९१२ च्या सुमारास जपानात निघालेल्या ताइशोगोतोच्या कुळातला. नाव एक, कूळ वेगळं. तेव्हा अमुक वाद्य आपलं, तमुक परकं, असा वाद घालत बसू नकोस. कानाला गोड लागलं तर घे.

श्रावणात रामलिंगाला भजनाला जाशील तेव्हा हवा ओली असते. कातडं सैल पडतं. संबळाला शेक लागतो. मृदंगाची कणीक आयत्या वेळी मळायची आणि भजन संपलं की तिथंच खरवडून काढायची, वाळू द्यायची नाही. पेटी भुईवर ठेवू नकोस, खाली घोंगडी घाल. ओल लागली की पट्ट्या चिकटतात.

शेवटचं सांगतो. आपण हौशी माणसं, बिदागीसाठी वाजवत नाही. आपली देणी नावानं फेडायची. चाल कुणाची म्हणून कुणी विचारलं, तर जिच्याकडून उचललीस तिचं नाव आधी घे, मग ती मोठी गायिका असो की खुरपणारी आराधीण.

उद्या एकादशी आहे. फराळ झाला की देवळात ये. टाळ मी आणतो.