'अवॉर्ड' घ्या, पण जपून!

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या नोटीस बोर्डावर तीन शब्द हमखास झळकतात. प्राइझ, रिवॉर्ड आणि अवॉर्ड. लिहिणारा जो आधी आठवेल तो ठोकून देतो. ढोबळ फरक असा, की स्पर्धा जिंकली तर प्राइझ, चोर पकडून दिला तर रिवॉर्ड, आणि चार जाणकारांनी बसून ठरवलं तर अवॉर्ड. पहिले दोन सरळ आहेत, त्यांना इथेच सोडू. खरी गंमत तिसऱ्यात आहे.

अवॉर्डचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. त्यातला 'वॉर्ड' म्हणजे नजर ठेवणे, राखणे. रिवॉर्ड त्याच घरातला, गार्ड आणि रिगार्डसुद्धा. आणि हो, वॉर्डनही! म्हणजे रात्री दहानंतर गेटवर आपली वाट बघणारे सर आणि स्टेजवरची ट्रॉफी ही भाषेच्या नात्याने सख्खी भावंडं. (सर, हलकेच घ्या!)

तर अवॉर्ड म्हणजे नीट बघून, तपासून दिलेला निर्णय. हा अर्थ आधीचा. ट्रॉफी, शाल-श्रीफळ वगैरे नंतर आलं. म्हणूनच पेपरात मार्क्स 'अवॉर्ड' होतात, आणि शून्यसुद्धा अवॉर्डच होतो. मराठीत आपण डोळे झाकून 'पुरस्कार' लिहितो, पण तो शब्द वेगळ्या गावचा. पुरस्कार करणे म्हणजे पुढे करणे, पाठिंबा देणे. 'त्यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला' असं वाक्य इतिहासाच्या पुस्तकात असतं, तिथे कोणी ट्रॉफी वाटत नाही. अवॉर्डच्या जुन्या अर्थाला आपल्याकडे नेमका शब्द आहे : निवाडा. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे हा शब्द मला हॉस्टेलवर येऊन मिळाला. पण मिळाला तो असा की विसरणं शक्य नाही. ते पुढे सांगतो.

आपल्या सिव्हिलवाल्यांना हा शब्द नोकरीत पावलोपावली भेटणार आहे. टेंडर मंजूर झालं की कंत्राटदाराला 'लेटर ऑफ अवॉर्ड' येतं. नाव ऐकून वाटतं, चला, पेढे वाटा! पण त्याच पत्रात अनामत किती दिवसांत भरायची तेही असतं. बक्षीस देऊन वर अनामत कोण मागतं? पुढे कामात वाद झाला आणि प्रकरण लवादाकडे गेलं तर तिथला निर्णय म्हणजे पुन्हा अवॉर्डच. १९९६ च्या लवाद कायद्यानुसार तो लेखी आणि सहीचा असावा लागतो. दोन्ही पक्षांचं तसं ठरलेलं नसेल, तर कारणंही द्यावी लागतात. गॅदरिंगच्या परीक्षकांना हा नियम लावला तर काय बहार येईल!

आपल्या भागातला सगळ्यात मोठा अवॉर्ड कृष्णेच्या पाण्याचा. १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला आणि १९७६ मध्ये त्याचा अंतिम निवाडा राजपत्रात आला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी. जिंकलं कोणीच नव्हतं, वाटणी झाली होती.

आता रूमवरची गोष्ट. माझ्या रूममेटच्या आजोबांची जमीन कालव्यात गेली. सुट्टीनंतर तो कागदांची फाइल घेऊन आला. एका कागदावर ठळक अक्षरात 'अवॉर्ड'. झालं, सगळी विंग त्याच्या मागे लागली, "पार्टी दे, पार्टी दे!" तो हसला नाही. म्हणाला, "अरे, हा निवाडा आहे. आमच्या जमिनीची किंमत त्यांनी ठरवलीय, आम्ही नाही."

मग रात्री दोनपर्यंत आम्ही २०१३ चा भूसंपादन कायदा वाचत बसलो. (सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं, ते जाऊ दे.) मोबदला कमी वाटला तर तो वाढवून मागता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करायचा आणि प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा म्हणून मागणी करायची. पण निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर त्या तारखेपासून सहाच आठवडे मिळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पैसे घेताना 'हरकत राखून घेत आहे' असं नोंदवावं लागतं. गुपचूप सही करून रक्कम उचलली, तर वाढीव मागण्याचा हक्क गेला! अवॉर्डला बक्षीस समजून कोणी आनंदाने सही केली तर काय होईल, विचार करा.

रूममेटने रात्रीच घरी फोन लावला. आजोबा जागेच होते. म्हणाले, "लिहिलंय रे बाळा, हरकत राखूनच घेतलेत. तू झोप आता." सातवी शिकलेला माणूस! अर्जाची तारीख तेवढी राहिली होती, ती आम्ही कॅलेंडरवर लाल पेनने गोल केली.