तीन बोटांचे माप : वाढत्या मुलांचा जबडा व चावण्याची शक्ती

मुलाची उंची दाराच्या चौकटीवर रेघ ओढून मोजली जाते, वजन लसीकरणाच्या कार्डावर लिहिले जाते. त्याचे तोंड किती उघडते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. परंतु दंत व शस्त्रक्रिया विभागातील डॉक्टरांच्या सहवासात जे समजले, ते रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचावे असे वाटते.

मापन अगदी सोपे आहे. मुलाने स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका एकमेकांना जोडून उभी धरावीत आणि वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये घालावीत. तिन्ही बोटे सहज मावली तर काळजी नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास हे अंतर 40 मिलिमीटरच्या आसपास असते, प्रौढपणी साधारण 45 ते 50. जबड्याबरोबर बोटेही वाढत असल्याने ही फूटपट्टी कोणत्याही वयास चालते.

चावण्याचा जोर मोजण्यास दाढांमध्ये धरावयाचे दाबमापक लागते. दुधाच्या दातांच्या वयात हा जोर 200 न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे 20 किलो वजनाइतका भरतो. प्रौढांत तो 300 ते 700 न्यूटनपर्यंत जातो. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. मग मूल एकाच बाजूने चावते, भाकरी नको म्हणते, भात मागते. त्यास हट्टी ठरवण्यापूर्वी तोंडात डोकावून पाहावे.

शाळकरी वयात तोंड हळूहळू आखडत असेल आणि तिखट लागताच जळजळ होत असेल, तर सुपारीची चौकशी करावी. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये वर्णिलेल्या या विकारात गालाच्या आतील त्वचा ताठर होते. ती पूर्ववत होत नाही, आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. सुपारी मात्र घरातल्या डब्यातही असते.

लहान मुलांत तोंड न उघडण्याचे याहून गंभीर कारण म्हणजे हनुवटीवर पडणे. हनुवटीची जखम दोन टाक्यांत भरते. पण त्या धक्क्याने कानापुढील सांध्याचे हाड मोडले असल्यास काही महिन्यांत सांधा जखडू लागतो. कानातील जुना पू हेही एक कारण असते. खालच्या जबड्याची वाढ या सांध्याशी निगडित असल्याने तो जखडला की हनुवटी त्या बाजूस वळते. आजारी बाजू भरलेली व निरोगी बाजू चपटी दिसत असल्याने पाहणाऱ्यास चांगलीच बाजू बिघडलेली वाटते. दोन्ही सांधे जखडले तर हनुवटी मागे राहते, जीभ घशाकडे सरकते, मूल झोपेत घोरते आणि श्वास अडल्याने दचकून उठते.

उपाय शस्त्रक्रियेचा. तोंड उघडत नसल्याने भूल देतानाच कसोटी लागते. पुष्कळदा दुर्बिणीच्या साहाय्याने नाकावाटे श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यानंतर जुळलेले हाड कापून जागा मोकळी करतात आणि वाढत्या मुलात अनेकदा बरगडीचा कूर्चेसह तुकडा तेथे बसवतात.

देणगीदारांस येथे एक गोष्ट विशेषत्वाने सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेस दाता मिळतो, कारण तिचे देयक असते. परंतु खरी परीक्षा त्यानंतर असते. लाकडी चपट्या पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, दर काही दिवसांनी एक पट्टी वाढवायची, असा व्यायाम दिवसातून अनेकदा, कित्येक महिने करावा लागतो. तो दुखतो; मूल रडते, आईचे मन द्रवते आणि एक दिवस चुकतो. व्यायाम सुटला की सांधा पुन्हा जखडू शकतो आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड होते. पट्ट्यांना फारसे मोल नाही. खर्च होतो तो तपासणीसाठी वारंवार गावाहून येण्याजाण्याचा आणि पालकांच्या बुडालेल्या रोजाचा. तो कोणत्याही देयकावर येत नाही, म्हणूनच हिशेबनिसाच्या लेखणीने तो येथे नोंदवून ठेवला आहे.